तिसऱ्या फळीची उडी

रोज सकाळी आंघोळ झाली की मी देवासमोर अर्धा मिनिट आणि टीव्हीसमोर दहा मिनिटं बसतो. माझी बायको दोन्हीला पूजाच म्हणते. "तुमची दुसरी पूजा आवरली की हाक मारा, भाकरी निवायला लागलीया," असं स्वैपाकघरातून ओरडते. त्यात टोमणा किती आणि माया किती, हे लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी मला सांगता येत नाही.

टीव्हीसमोर मी एक उडी मारतो. म्हणजे मी बसूनच असतो, उडी मारतो तो पडद्यावरचा माणूस. माझ्या लहानपणचा एक व्हिडिओ गेम आहे. त्याच्या कॅसेटवर नाव कधीच नव्हतं, म्हणून आम्ही भावंडं त्याला पुलाचा गेम म्हणायचो. त्यात नखाएवढा एक माणूस मोडक्या पुलावरून धावतो. पुलाच्या फळ्या मधेमधे तुटलेल्या. पहिली फट कुणीही ओलांडेल. दुसरीला जरा अंदाज लागतो. तिसऱ्या फळीवर मात्र अगदी टोकाला जाऊन, पाऊल अर्धं बाहेर लटकल्यावर बटण दाबलं तरच माणूस पलीकडे पोचतो. थोडं आधी दाबलं तर नदीत, थोडं उशिरा दाबलं तर नदीतच. ही तिसरी उडी मी रोज दहा वेळा मारतो. दहाच्या दहा जमल्या की भाकरी खाऊन कामावर जातो.

लोकांना मी हा छंद म्हणून सांगत आलो. खरं कारण भीती आहे.

माझ्या वडिलांना कंपवात झाला होता. हात थरथरण्याचा रोग. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. बेळगावच्या वडगावात आमच्या घरी विजेवर चालणारे चार माग होते, त्यावर ते साड्या विणायचे, आणि विणणाऱ्याचे हातच जायला लागले. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हा आप्पा शेहेचाळीस वर्षांचे होते. "वडिलांना आहे म्हणून मुलांना होईलच असं नाही," असंही डॉक्टर म्हणाले. आईनं त्यावर सुटकेचा सुस्कारा सोडला. मी सोळा वर्षांचा होतो, मला त्या वाक्यात दुसरंच ऐकू आलं. होईलच असं नाही, म्हणजे होणारच नाही असंही नाही. मी मुळातच भित्रा माणूस आहे. अर्धा भरलेला पेला मला कधी दिसत नाही, पेल्याला गेलेला तडा आधी दिसतो. गेल्या श्रावणात मला शेहेचाळिसावं लागलं.

आता गेमचं सांगतो, नाहीतर माझ्या भीतीला चेहरा येणार नाही. आमच्या घरी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोलीत, माग होते आणि आतल्या खोलीत टीव्ही. निपाणीच्या मामानं एकदा दिवाळीला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. राखाडी डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. मी नऊ वर्षांचा, माझी आक्का अकराची. एक नंबरचा रिमोट माझा, दोन नंबरचा तिचा, यावर आमचं एकदाच भांडण झालं आणि मी रडून जिंकलो. आप्पांना ते खेळणं अजिबात आवडलं नाही. "टीव्ही खराब हुतोय," हे त्यांचं बाहेरचं कारण. पोरं वाया जातील, हे आतलं.

मग आम्ही चोरून खेळायला शिकलो. चारही माग चालू असले की घरात शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागायचं. त्या खटखटीच्या आड आम्ही गेम लावायचो, आवाजासकट. एक माग थांबला तर धागा तुटलाय, आप्पा सांधतायत, काळजी नाही. चारही थांबले आणि दिवा गेला तर लाईट गेली, टीव्हीही गेला, काळजी नाही. चारही माग थांबले आणि डोक्यावरचा दिवा मात्र चालूच आहे, असं झालं तर मात्र काळजी. त्याचा अर्थ आप्पांनी हातानं माग बंद केलेत आणि ते आत येतायत. तेवढ्यात आक्का वायर उपटायची, मी डबा गादीखाली ढकलायचो. आजही कुठं पंखा किंवा मिक्सर अचानक बंद पडला की माझा हात आधी गादीकडे जातो.

एकदा चुकलंच. मी तिसऱ्या फळीशी झुंजत होतो. महिनाभर तो माणूस नदीत पडत होता. गेमचं संगीत, माझं पुटपुटणं, आणि माग कधी थांबले ते कळलंच नाही. आक्काचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं तेव्हा आप्पा दारात उभे होते. कपाळावर सुताची रुई चिकटलेली. माझा अंगठा मात्र थांबला नाही. माणूस फळीच्या टोकाला गेला, पाऊल बाहेर लटकलं, मी दाबलं, आणि पहिल्यांदाच तो पलीकडे पोचला. आप्पा पडद्याकडे बघत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते.

"हात बसलाय रं तुझा," ते म्हणाले आणि पाणी पिऊन परत गेले.

आप्पांनी माझं केलेलं कौतुक तेवढंच. मी शाळेत नंबर आणला, नोकरीला लागलो, कारखान्यात वर चढलो, तेव्हा त्यांनी मान हलवली असेल. पण विणकरानं हात बसलाय म्हणणं वेगळं. त्या दिवसापासून मी या नादाला लागलो तो आजतागायत. पहिल्या पगारात तबकड्यांवर चालणारा गेमचा कन्सोल घेतला, नंतर त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा. आज कपाटात सहा आहेत आणि नवीनही चालू आहे. पण मन रमतं ते जुन्यातच. नवा गेम लावला की अर्धा तास तो मला गोष्ट सांगतो, बाण दाखवतो, बोट धरून चालवतो. मेलो तरी मरू देत नाही, तिथंच उठवून उभं करतो. जुन्या गेममध्ये बटण दाबलं की पूल समोर आणि जीव तीन. तीन गेले की खेळ संपला. कुणी समजूत काढत नाही. मला ते खरं वाटतं आणि म्हणूनच भीतीसुद्धा वाटते.

आप्पांची खरी भीती मला एकाच दिवशी वाटायची, अमावास्येला. आमच्याकडे अमावास्येला माग बंद ठेवतात. मागाला तेलपाणी करायचं, रुई झाडायची, हळदकुंकू लावून नारळ फोडायचा. एरवी खडखडणारी सगळी गल्ली त्या दिवशी इतकी गप्प व्हायची की पलीकडच्या घरातलं बोलणं ऐकू यायचं. आम्हाला आवाजाचा आडोसा नाही, त्यामुळं गेम नाही. आणि आप्पा दिवसभर सोप्यात खुर्चीवर बसून. काम नसलं की त्यांचं काय करावं हे कुणालाच कळायचं नाही, त्यांनाही नाही. मी बारा वर्षांचा असेन, अशाच एका अमावास्येला त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं सांधताना विणकर ती चिमटीत घेऊन वळतो, अगदी तसा. पण हातात धागा नव्हता.

आक्का धीट. तिनं विचारलं, "आप्पा, हातात काय हाय?"

आप्पांनी हाताकडे असं बघितलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग तो मांडीखाली सारला. "काय न्हाय. सवय हाय हाताला," म्हणाले.

त्याच वर्षी कधीतरी आप्पांनी अमावास्या मोडली. नारळ फोडून झाला की माग चालू करायला लागले. गल्लीत कुजबुज झाली. देव कोपेल म्हणून आई घाबरली. शेजारचे काका तोंडावर बोलले, "किती हावरेपणा करायचा माणसानं?" आप्पांनी मान खाली घालून माग चालू केला. आम्हालाही ते हावरेच वाटले. वर आम्ही खूश, कारण आता सुट्टीच्या दिवशीही खटखट होती आणि गेम होता.

पुढं चार वर्षांनी आप्पांना गाठ मारता येईना. ते मागाशी उभे असायचे, दोन्ही हातांत तुटलेल्या धाग्याची टोकं, आणि ती टोकं एकमेकांना चुकवत राहायची. मी दारात उभा राहून बघायचो. मदत करायला पुढं जावं तर त्यांना राग येणार, निघून जावं तर पाय हलत नाहीत. हेच चित्र माझ्या डोक्यात कायमचं बसलं. रोग म्हणजे चुकलेली गाठ. ते गेले तेव्हा मी पंचविशीत होतो. माग विकले गेले, सोप्यात आता माझी दुचाकी असते, आणि माझ्या भीतीनं स्वतःसाठी एक गाठ शोधून काढली. ती म्हणजे तिसऱ्या फळीची उडी. जोवर ती जमतेय तोवर हात शाबूत आहे. मी उद्यमबागेत एका कारखान्यात तपासणीच्या खात्यात आहे. आलेल्या मालातून दहा नग उचलायचे, मोजायचे, दहाही बरोबर निघाले की माल पास. घरीही मी तेच करत होतो, इतकंच.

यंदा दसऱ्याच्या आधी आमचा जुना ट्यूबवाला टीव्ही टप्प असा आवाज करून गेला. उघडून बघितला, पण बिघाड सापडेना. बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि भिंतीवर पातळ, मोठा, चकचकीत टीव्ही लागला. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी त्याच्यासमोर बसलो. दहातून चार.

जुने गेम खेळणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. नवा टीव्ही चित्र आधी स्वतःशी घोळवतो आणि मग दाखवतो. आपण बटण दाबतो तेव्हा माणूस कधीच पुढं गेलेला असतो. हे मला ठाऊक होतं. मी मित्रांना त्यावर व्याख्यानं दिली आहेत. पण ठाऊक असणं वेगळं आणि माणूस दहातून सहा वेळा नदीत पडताना बघणं वेगळं. मी टीव्हीतल्या सगळ्या सोयी उघडून बघितल्या, खेळासाठी असलेली खास सोय चालू केली. सहा. तिसऱ्या दिवशी सात. मग अंगठ्याला थोडं आधी दाबायला शिकवलं, आठ. आणि तिथंच गाडी अडली. रोज दोन वेळा चूक. त्या दोन चुका टीव्हीच्या की माझ्या?

माझं जेवण तुटलं. कारखान्यात एकेक नग तीनतीनदा मोजायला लागलो. साहेब म्हणाले, "काय हो, आज मापावर विश्वास नाही?" मी हसलो. माझा मापावर विश्वास होता, माप धरणाऱ्या बोटांवर नव्हता. बायकोला काही सांगितलं नाही, पण तिला सांगावं लागत नाही. एका संध्याकाळी मी नुसता बसलो होतो आणि गाडीची किल्ली बोटांत खेळवत होतो. ती म्हणाली, "सदानकदा हातात काय तरी लागतंय तुमास्नी. किल्ली, चमचा, न्हायतर त्यो रिमोट. जरा गप बसवत न्हाय व्हय?" मी किल्ली खिशात टाकली आणि पेन उचललं.

तपासणीचा साधा नियम आहे. मापावर शंका आली तर दुसरं माप आणून ताडून बघायचं. मला ट्यूबवाला टीव्ही हवा होता. बेळगावात दोन दुरुस्तीवाल्यांकडे विचारलं, त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी तिसऱ्याकडे गेलोच नाही. मग आठवलं. आक्का लग्न होऊन निपाणीला असते, आणि ती कुठलीही वस्तू टाकत नाही.

"आक्का, तुझा जुना टीव्ही हाय न्हवं अजून?" मी फोनवर विचारलं.

"माळ्यावर हाय. त्या डबड्याला काय करतोस?"

"रविवारी येतो. गेम खेळू."

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मी का येतोय हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण ते बोललं की खरं होईल असं वाटलं.

रविवारी सकाळी राखाडी डबा पिशवीत आणि कॅसेट जेवणाच्या डब्यात घालून बसमध्ये बसलो. पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी गच्च धरलेली. कंडक्टरनं "मुंदं होगरी, मुंदं होगरी", म्हणजे पुढं सरका, करत येऊन पिशवीतून लोंबणाऱ्या वायरींकडे संशयानं बघितलं. मी लहान मुलांचं खेळणं आहे म्हणून सांगितलं, कन्नडमध्ये. ते खोटंही नव्हतं. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट आला, आणि मला उलटंच वाटायला लागलं की परत फिरावं. न कळलेलं बरं. भिंतीवरच्या टीव्हीवर रोज दोन चुका करून, त्या टीव्हीच्या माथी मारून, दहा वर्षं काढता येतील. आप्पांनीही चार वर्षं काढलीच की. निपाणीच्या स्टँडवर उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता.

आक्काच्या घरी ती एकटीच होती, बाकीची मंडळी एका लग्नाला गेलेली. आम्ही दोघांनी मिळून माळ्यावरून टीव्ही उतरवला. जुनी चादर गुंडाळलेली, वर धुळीचा थर. "कंबर मोडली तर तुझ्या नावानं ओरडंन," ती म्हणाली. जमिनीवर ठेवला, अँटेनाच्या भोकात वायर खोचली, बटणं दाबत दाबत चॅनेल लावला. आधी नुसत्या मुंग्या, मग आडव्या पट्ट्या, आणि मग अचानक ते संगीत. आक्कानं पदर कमरेला खोचला आणि त्या संगीताबरोबर तोंडानं ट्यांव ट्यांव करायला लागली. मधली पस्तीस वर्षं कुठं गेली कळेना. मी सवयीनं मान वर करून दिव्याकडे बघितलं. दिवा चालू होता आणि माग कुठंच नव्हते.

"कुणाची वाट बघाय लागलास? खेळ की," आक्का म्हणाली.

मी रिमोट हातात घेतला. घाम पुसला. पहिली फट, दुसरी फट, तिसरी फळी. पाऊल बाहेर लटकलं. दाबलं. माणूस पलीकडे. पुन्हा. पलीकडे. चौथ्यानंतर मी श्वास घ्यायला लागलो. सातव्यानंतर आक्का मोठ्यानं मोजायला लागली. आठ, नऊ, आणि दहाव्या उडीला माणूस जमिनीला टेकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टीव्हीच होता. मेला तो टीव्हीच होता. मी एवढा आनंद आयुष्यात फार कमी वेळा अनुभवला आहे आणि तो दाखवायची मला अजिबात लाज वाटली नाही.

रिमोट जमिनीवर ठेवला, भिंतीला टेकलो, पाय पसरले, हात मांडीवर टाकले. आणि सगळं सांगून टाकलं. दहा उड्यांची पूजा, आप्पांची गाठ, शेहेचाळिसावं वर्ष, आठावर अडलेली गाडी, जेवण न जाणं. "येडा हाय मी आक्का," मी हसत म्हणालो. "एका डबड्यापायी मराय लागलोतो."

आक्का हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती.

"कधीपास्नं हाय ह्ये?" तिनं विचारलं.

"काय?"

"हात बघ तुझा."

माझा उजवा हात मांडीवर होता. अंगठा तर्जनीवर फिरत होता, हळूहळू, न दिसणारा धागा वळत. मी त्याला सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे न बघता त्याचं काम करत होता.

"बसमध्ये पिशवी धरून आखडला असंल," मी म्हणालो.

"आप्पा बी म्हणायचे, सवय हाय हाताला."

मी झटकन रिमोट उचलला. हात थांबला. एकदम थांबला, दगडासारखा. खाली ठेवला, मांडीवर हात टाकला, मनात दहापर्यंत मोजलं. सातावर अंगठा हलला. पुन्हा उचलला, थांबला. पुन्हा ठेवला, हलला. तीनदा करून बघितलं, धंदाच तो माझा. आमच्या खात्यात चुकीचं माप घेणाऱ्याला ओरडा बसतो, पण खरा घात करतो तो वेगळा. तो भलत्याच जागेचं माप अगदी बरोबर घेतो. लांबी दहाही नगांची अचूक, भोक कुणी मोजलंच नाही, आणि माल पास. मी रोज सकाळी चालत्या हाताचं माप घेत होतो. हा रोग आधी निवांत हातात शिरतो. आणि माझा हात किती महिन्यांपासून कोण जाणे, किल्ली, पेन, चमचा, पिशवी, मिळेल ते धरून मला फसवत होता.

 आणि मला ती गप्प गल्ली दिसली, नारळाची शेंडी, हळदकुंकू लावलेला माग, आणि काकांपुढं मान खाली घालून माग चालू करणारे आप्पा. त्या वर्षी मागावर त्यांचा हात अजून हलत नव्हता. हातात धागा असला की तो गप्प बसायचा. महिन्यातून एक दिवस त्याला काम नसायचं, आणि त्या दिवशी आम्ही सगळे बघणार होतो.

"आक्का," मी म्हणालो, "आप्पा हावरे न्हवते गं."

 "न्हाय रं," एवढंच ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

पडद्यावरचा माणूस पुलावर उभा होता, माझी वाट बघत. संगीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं. मी रिमोट परत हातात घेतलेला, आणि तो सोडायची मला भीती वाटायला लागली. अकरावी उडी मारावी, बारावी मारावी, संध्याकाळ होईपर्यंत मारत राहावं. जोवर तो धावतोय तोवर हात शांत राहणार. आप्पांनी अमावास्या का मोडली हे मला आता पुस्तकात वाचल्यासारखं कळत नव्हतं, ते माझ्या अंगठ्यात येऊन बसलं होतं.

"ठेव त्ये खाली," आक्का म्हणाली.

"ऱ्हाऊ दे की जरा."

"ठेव. उद्या दवाखान्यात जायाचं. मी येतो तुझ्यासंगट बेळगावला. तुझ्या बायकोला मीच सांगतो."

मी मान हलवली. मग एकच, म्हणून मारली. पाऊल बाहेर लटकलं, दाबलं, माणूस पलीकडे पोचला. आक्कानं हात लांब करून टीव्हीचं बटण दाबलं. चित्र मधे गोळा झालं, ठिपका झालं आणि गेलं. घर एकदम गप्प झालं.

मी रिमोट जमिनीवर ठेवला आणि हात मांडीवर. तो हलायला लागला. आक्का बघत होती. मांडीखाली सारावासा वाटला. सारला नाही.